पंचाहत्तर ओहमचे स्थळ

माणसाने आयुष्यात तीन गोष्टी घाईने निवडू नयेत, असे आमचे आबा म्हणत : जावई, छत्री आणि केबल. पैकी जावयाबद्दल कुणाचेच दुमत नसते. निदान जावई झाल्यावर तरी नसते. छत्रीबद्दल आम्हा कोयनानगरकरांना कुणी शिकवायला नको. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात माणूस आधी छत्रीखाली जन्माला येतो आणि मग आईच्या मांडीवर जातो. राहता राहिली केबल. ही तिसरी गोष्ट आबांनी यादीत का घातली, हे कळायला मला अठ्ठावीस वर्षे, दोन वायरी आणि एक वर्ल्ड कप लागला. जावई आणि केबल यांच्यात एक साम्य मात्र मला आता पटले आहे. दोघेही पसंतीच्या दिवशी काळ्या कोटात सारखेच रुबाबदार दिसतात. आत काय आहे ते पहिल्या पावसाळ्यात समजते.

गोष्ट १९८३ सालची. त्या वेळी कोयनानगरची एक मोठी गंमत होती. आमच्या धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे पोफळीला जाई, तिथल्या भुयारातल्या वीजघरात त्याची वीज होई आणि ती वीज थेट मुंबईला पोहोचे. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले. म्हणजे वीज आमची, आणि तिच्यावर दिसणारे चित्र मात्र आम्हाला दिसायचे नाही! १९७३ साली पुणेकरांसाठी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. सिंहगड आमच्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. पण सह्याद्रीला सरळ रेषा ठाऊक नाही. आमची वसाहत डोंगरांच्या कुशीत बसलेली. कुशीत बसण्याचे सुख असते, पण कुशीतून बाहेरचे काही दिसत नाही.

अशा गावात मी हप्त्यांवर काळा-पांढरा टीव्ही घेतला. घरात तो लावला तेव्हा त्यात फक्त मुंग्या दिसल्या. बायको म्हणाली, "मुंग्याच बघायच्या होत्या तर साखरेचा डबा काय वाईट होता?" मग शोध लागला की, घरामागच्या टेकडीवर अँटेना नेली तर निवेदिका दिसते. टेकडी ते घर अंतर ऐंशी मीटर. म्हणजे ऐंशी मीटर वायर आली.

ती आणायला मी कराडला गेलो. दुकानदाराने दोन वायरी पुढे टाकल्या. एक चपटी, पट्टीसारखी. दोन कडांना दोन तारा आणि मधे प्लॅस्टिक. दुसरी गोल, काळी आणि किमतीला जवळजवळ तिप्पट.

"गोल एवढी महाग का?" मी विचारले.

"साहेब, ही कोअ‍ॅक्सियल. आत जाळी असते तांब्याची."

"ती जाळी आपल्याला दिसणार आहे का?"

"नाही."

"मग कशाला पाहिजे?"

या युक्तिवादावर दुकानदार निरुत्तर झाला आणि मी बचतीच्या आनंदात चपटी वायर घेऊन घरी आलो. आबा ओसरीवर बसले होते. त्यांची सारी नोकरी त्या भागातल्या एका सरकारी कचेरीत वायरलेस ऑपरेटर म्हणून गेलेली. त्यांनी वायर दोन बोटांत धरून पाहिली आणि एवढेच म्हणाले, "उन्हाळ्याची आहे."

कापडाला उन्हाळी म्हणतात, आजाराला म्हणतात. वायरीला म्हणतात हे मला नवीन होते. मी दुर्लक्ष केले. एप्रिल-मे मजेत गेला. आळीतले लोक संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले आणि मी घरमालकापेक्षा थिएटरमालकासारखा वागू लागलो. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला आणि निवेदिका वाहून गेली.

"दोन तारांमधला संदेश तारेत नसतो," आबा म्हणाले. "तो तारांच्या भोवतीच्या जागेत असतो. चपट्या वायरीत ती जागा उघडी. त्या जागेत पाऊस आला, पन्हळ आली, लोखंडी खांब आला, की संदेश तिकडंच जिरतो. गोल वायरीत मधली तार आणि भोवतीची जाळी, आणि संदेश त्या दोघांच्या मधे. बाहेर पाऊस पडो नाहीतर दगड पडो, त्याला पत्ता नसतो. घरात बसून बोलणं आणि चव्हाट्यावर बोलणं, एवढाच फरक."

ही अक्कल पहिल्यांदा माणसाला कुठून आली, याचा मी पुढे बराच शोध घेतला. समुद्रातून आली. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली. मधे तांबे, भोवती गटापर्चा नावाच्या झाडाचा चीक, त्यावर लोखंडी तारांचे चिलखत. इंग्लंडच्या राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा निरोप पाठवला. तो पोहोचायला सुमारे सोळा तास लागले. टिंबे आणि रेघा एकमेकांत मिसळून त्यांचा काला होई. मग एका उत्साही अधिकाऱ्याने हजारो व्होल्टचा दाब देऊन पाहिला. बहिऱ्या माणसाशी आपण ओरडून बोलतो तसेच. तार काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. टिकणारी तार पडायला १८६६ उजाडले, आणि १८७० साली आपली मुंबईही समुद्राखालून लंडनला जोडली गेली.

हे शब्द मिसळतात का, याचे उत्तर ज्याने दिले त्या माणसाचे नाव ऑलिव्हर हेविसाईड. हा १८५० साली लंडनमध्ये गरिबीत जन्मला. लहानपणच्या तापाने कान अधू झाले. तार-कंपनीत काही वर्षे तारमास्तरकी केली आणि चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून जो घरी बसला, तो पुन्हा कधी नोकरीला गेलाच नाही. आपल्याकडे असा मुलगा घरात असता तर मावशी-आत्यांनी त्याला दोन दिवसांत कुठेतरी चिकटवला असता. तिकडे तशी सोय नसल्याने त्याने खोलीचे दार लावून गणिते केली. मॅक्सवेल साहेबांची विजेची आणि चुंबकाची वीस समीकरणे आटवून त्याने चार केली. आजचे विद्यार्थी मॅक्सवेलची म्हणून जी पाठ करतात ती खरे तर याची मांडणी. आणि १८८० साली त्याने पेटंट घेतले ते एका तारेच्या भोवती नळीसारखी दुसरी तार घालण्याचे, म्हणजे शेजारच्या तारांची बडबड आत येऊ नये. दुकानात मी नाकारलेली जाळी ती हीच.

तारेतला संदेश बिघडू नये म्हणून काय करावे, हेही त्याने १८८७ साली गणिताने सिद्ध केले. पण टपाल खात्यातला विजेचा मोठा अधिकारी प्रीस नेमका उलट मताचा. त्याला गणित आवडत नसे आणि ज्याला येते तो माणूस त्याहून आवडत नसे. हेविसाईडचे लेखन अडले. पुढे त्याच तत्त्वावर १९०० साली प्युपिन या अमेरिकेतल्या प्राध्यापकाला पेटंट मिळाले आणि टेलिफोन कंपनीकडून भरपूर पैसेही. हेविसाईडच्या वाट्याला म्हातारपणी समुद्रकाठचे एक घर आणि तुटपुंजे निवृत्तिवेतन आले. घरात फर्निचर म्हणून त्याने ग्रॅनाइटचे दगड मांडले होते म्हणतात. पत्रांखाली नावापुढे तो पदवीसारखी चार अक्षरे लिही. ती एकत्र वाचली तर अर्थ निघे 'किडा'. १९२५ साली हा किडा गेला. तार वाचवणारा माणूस जगाशी मात्र तुटलेला राहिला.

त्याची नळी अनेक वर्षे तशीच पडून होती, कारण तिच्यातून पाठवण्यासारखे काही जगाकडे नव्हते. बोलण्यापुरती साधी तार पुरत होती. टीव्हीच्या चित्राला मात्र टेलिफोनच्या हजारपट रुंद वाट लागते. १९२९ साली अमेरिकेत एस्पेनशीड आणि अ‍ॅफेल यांनी अशा वाटेसाठी कोअ‍ॅक्सियलचे पेटंट मागितले, ते १९३१ साली मिळाले. १९३६ साली बर्लिन आणि लाइपझिग यांच्यात अशाच केबलवरून माणसे एकमेकांची तोंडे बघत बोलू लागली. मधे भरायला चांगला पदार्थ हवा होता, तो १९३३ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत चुकून सापडला : पॉलिथीन. एक प्रयोग फसला आणि भांड्याच्या तळाशी मेणासारखे काही उरले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबली त्याच मेणाने भरल्या. १९५६ साली अटलांटिकखालून पहिली टेलिफोन-केबल गेली, तीही पॉलिथीन भरलेली कोअ‍ॅक्सियल; एका वेळी ३६ संभाषणे. आपण ज्या पिशवीतून भाजी आणतो तिचे घराणे एवढे मोठे आहे.

हे सगळे मला नंतर कळले. जून १९८३ मध्ये मला एवढेच कळले होते की गोल वायर पाहिजे. पण तिप्पट पैसे मोजायला मन धजेना. तेवढ्यात एका भंगारवाल्याकडे बारीक काळी गोल वायर मिळाली. चार तुकडे, किलोच्या भावाने. मी तीन ठिकाणी पिळे मारून, वर चिकटपट्टी गुंडाळून ती टेकडीवर चढवली. चित्र आले, पण ओळखीचे वाटेना. मुंग्या होत्याच, शिवाय प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचे फिकट भूत उभे राही. बातम्या देणाऱ्या बाईंना दोन नाके झाली.

आबा आले. वायरीवरची अक्षरे त्यांनी चष्म्याच्या काचेतून वाचली. "आरजी-५८. पन्नास ओहमची आहे. टीव्हीला पंचाहत्तरची लागते. गोत्र विचारलं होतंस का आणताना?"

या ओहमांचे शास्त्र मी त्या दिवशी शिकलो. प्रत्येक केबलला एक अंगभूत इंपीडन्स असतो (शब्दही हेविसाईडचाच). तो लांबीवर नाही, मधली तार आणि जाळी यांच्या जाडीच्या प्रमाणावर आणि मधल्या भरणावर ठरतो. मधे नुसती हवा असेल तर सुमारे ७७ ओहमला तोटा सर्वांत कमी. आणि जास्तीत जास्त ताकद वाहून न्यायची तर ३० च्या आसपास. पाठवणाऱ्यांनी दोहोंच्या मधला तडजोडीचा ५० घेतला. वायरलेस सेटांना तोच असतो. टीव्हीला पाठवायचे काही नसते, नुसते घ्यायचे असते. त्याने ७५ घेतला. साध्या अँटेनाचा स्वतःचा आकडाही ७३ च्या घरात. पन्नासाला पंचाहत्तराच्या घरी दिले की थोडा संदेश उंबऱ्यावरून माहेरी परत जातो.

"म्हणजे पत्रिका जुळली नाही, म्हणून भुतं!" मी म्हणालो.

"भुतं समोरच्या डोंगराची," आबा म्हणाले. "तिथं आपटून संदेश दुसऱ्यांदा येतो. अँटेना जरा वळव, जातील. आणि पन्नास-पंचाहत्तरानं एका टोकाला शंभरातले चारच परत जातात. लोक त्या चाराचीच चर्चा करतात. खरं जातं ते लांबीत आणि सांध्यात."

मग त्यांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. शंभर मेगाहर्ट्झला, शंभर मीटर लांबीत, वरून शंभर रुपये सोडले तर आरजी-५८ मधून खाली सुमारे अडीच रुपये पोहोचतात. जरा जाड, पंचाहत्तर ओहमच्या आरजी-५९ मधून आठ. फ्रिक्वेन्सी चौपट केली की डेसिबलमधला तोटा दुप्पट. कारण ती वाढेल तसा प्रवाह तारेच्या कातडीवरूनच धावू लागतो. मी म्हणालो, "शंभरातले अडीच? हे तर सरकारी अनुदानासारखं झालं." नोकरीत आयुष्य काढलेल्या आबांना ते आवडले नाही. ते पुढे म्हणाले, "आणि तू मारलेला एकेक पिळा म्हणजे एकेक टोलनाका. जाळी कापलीस आणि शेंडीसारखी बांधलीस. त्यातनं पाणी शिरलं की केशाकर्षणानं थेट टीव्हीपर्यंत येईल."

मी म्हणालो, "बघू पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्याआधी २५ जून आला. शनिवार. लॉर्ड्सवर भारत आणि वेस्ट इंडिज. आमच्या पंधरा बाय दहाच्या खोलीत त्या दिवशी चाळीसेक माणसे होती. बाहेर कोयनेचा पाऊस. भारताचे गडी एकेक करून बाद होत होते आणि चित्र त्यांच्याबरोबर बाद होत होते. १८३ वर सगळे आटोपले तेव्हा पडद्यावर नुसता खळखळाट. पन्नास ओहमची ती बारीक केबल आबांच्या भाकिताप्रमाणे पाण्याने भरली होती. टीव्हीच्या मागच्या टोकातून खरोखरच थेंब पडला. चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिले.

आबा उठले. आपल्या खाटेखालून त्यांनी गोणपाटात बांधलेले एक वेटोळे ओढून काढले. पंचाहत्तर ओहमची, जाड, नवी कोरी, शंभर मीटर, एकही सांधा नसलेली. मे महिन्यातच त्यांनी पेन्शनमधून कराडहून आणवून ठेवली होती.

"मग सांगितलं का नाही?"

"तुला विचारायचं सुचेपर्यंत थांबलो होतो."

दोन डावांमधली सुट्टी ती केवढी! पण तेवढ्या वेळात आळीतल्या माणसांनी पावसात रांग धरून ती केबल हातोहात टेकडीवर नेली. आबा खाली उभे राहून छत्रीतून ओरडत होते : "मुरगाळू नका! अंगठ्याएवढं वळण द्याल तर आतली तार सरकेल, चांगलं थाळीएवढं द्या!" घरात शिरण्याआधी त्यांनी केबलला खाली एक झोका ठेवला. पाणी केबलीवरून ओघळते. झोक्याच्या तळाशी ठिबकून जाते आणि खिडकीतून आत येत नाही. टोके बांधली, वर मेण फासले. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने फटका उंच मारला, कपिलदेव पाठमोरा धावू लागला, तेव्हा पडद्यावर मुंग्या होत्या; पण मुंग्यांमधून धावणारा कपिल एकच होता, दोन नव्हते. त्याने झेल घेतला. १४० वर त्यांचा डाव संपला, आपण ४३ धावांनी जिंकलो, आणि आळीतल्या एका आजोबांनी आनंदाच्या भरात टीव्हीला कुंकू लावले.

मंडळी गेल्यावर मी आबांना विचारले, "एका वायरीचा एवढा ध्यास का?"

आबा फारसे बोलणारे नव्हते. त्या रात्री बोलले.

११ डिसेंबर १९६७. सोमवारची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटे. मी बारा वर्षांचा होतो. मला आठवतो तो जमिनीतून आलेला आवाज, अंगावर पडलेली माती आणि थंडीत उघड्यावर बसलेली आई. सुमारे १८० माणसे गेली. घरे तर मोजायची सोयच नव्हती. मुंबईकडे जाणारी वीज तुटली. आबा आम्हाला मोकळ्या जागेत बसवून कचेरीकडे गेले, एवढे मला माहीत होते. पुढचे त्यांनी सोळा वर्षे कुणाला सांगितले नव्हते.

कचेरीची एक भिंत आडवी झाली होती. सेट मात्र शाबूत, बॅटऱ्या भरलेल्या, बाहेरचा खांब कलता पण उभा. आबांनी हाक द्यायला सुरुवात केली. उत्तर नाही. पुन्हा हाक. नाही. "किती वेळ गेला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, आपलंच नाही, सगळ्यांचंच पडलं. कराड नाही, सातारा नाही, पुणं नाही. बोलतोय मी, पण ऐकायला कुणी उरलंच नाही."

मग कंदील सेटच्या मागे नेला तेव्हा दिसले. मधली तार प्लगमध्ये जागच्या जागी होती. भोवतीची जाळी तेवढी हिसका बसून निसटली होती. सेट बोलत होता, पण बोललेले बाहेर जात नव्हते. डाग द्यायला वीज नव्हती. दाढीच्या पात्याने त्यांनी केबल सोलली, जाळी हाताने पिळून प्लगवर दाबली आणि एका हाताने तशीच धरून दुसऱ्या हाताने हाक दिली. पलीकडून कुणीतरी म्हणाले, "बोला, ऐकतोय."

"सकाळ होईपर्यंत धरून बसलो," आबा म्हणाले. "बोटं वळेनात नंतर. लोक मधल्या तारेचं कौतुक करतात. ती तुटली तर लगेच कळतं. जाळी गेलेली कळत नाही."

मला कराडचे दुकान आठवले. जाळी दिसणार नसेल तर कशाला पाहिजे, असे मी विचारले होते. दुकानदाराला उत्तर आले नव्हते. उत्तर घरात खाटेवर बसले होते.

आबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. दूरदर्शनची जमिनीवरची प्रक्षेपणेही गेल्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणी बंद झाली. टेकडीवरचा आमचा खांब वेलीला दिला आहे. आता घराघरावर डिश आहे आणि तिच्यापासून टीव्हीपर्यंत येते ती पंचाहत्तर ओहमची कोअ‍ॅक्सियलच. आरजी-६, मधे फेसाळ भरण, भोवती वर्ख आणि वर जाळी. आबांच्या हिशेबाने हिच्यात शंभरातले बावीस पोहोचतात. डिशचा संदेश हजार-दोन हजार मेगाहर्ट्झचा, म्हणजे तोटा आणखी मोठा. पण वर डिशच्या तोंडाशीच तो वाढवून सोडतात आणि लांबी वीस मीटरची. नात म्हणते, "आजोबा, आता सगळं वायरलेस आहे." मी तिला सांगतो, बाळ, वायरलेसला सगळ्यात चांगली वायर लागते. तिला हा विनोद वाटतो.

परवा डिश बसवायला एक मुलगा आला होता. हुशार, चटपटीत. कात्रीने केबल सोलली, बाहेरची जाळी खसकन कापून टाकली आणि नुसता वर्ख प्लगमध्ये खुपसला.

"अरे, जाळी का कापलीस?"

"काही फरक पडत नाही काका. दिसतंय ना चित्र?"

"आज दिसतंय. उन्हाळा आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग आकाशाकडे पाहिले. मी त्याला दुसरा प्लग घ्यायला लावला, जाळी उलटी वळवून नीट बसवायला लावली आणि खिडकीपाशी थाळीएवढा झोका ठेवायला लावला. जाताना तो अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही या लाइनमध्ये होता का?"

"नाही रे," मी म्हटले. "मी चपटी वायर घेणाऱ्यांतला. लाइनमध्ये आमचे आबा होते."